इंटर्नशिप सुट्टीत उरकू नका, वर्षभर वाटून द्या

संपादक महोदय,

उद्यानविद्या आणि गार्डन मॅनेजमेंट शिकणाऱ्या पोरांच्या इंटर्नशिपबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, राहूनच जात होतं. मी एका बागेत सुपरवायझर आहे, गेल्या वर्षी आमच्याकडे एक इंटर्न होती, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटवर सही घ्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, सर मी लावलेल्या रोपांचं पुढे काय झालं ते कळवाल का. आता बघा, जे शिकायला ती आली होती ते सुरू होणार नेमकं ती गेल्यावर!

ही इंटर्नशिप असते सहा नाहीतर आठ आठवड्यांची, तीही परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत, म्हणजे कॉलेजच्या सोयीने. झाडाचं टाइमटेबल त्यात कुणी बघतच नाही. त्या आठ आठवड्यांत जे काम निघेल तेवढंच पोराला दिसतं. छाटणीचा हंगाम वेगळा, कलमं बांधायचा वेगळा, बी धरायचा वेगळा, लॉनला खत कधी द्यायचं ते अजून वेगळं. मग त्याला करायला काय देतात तर झाडं मोजणे, नावाच्या पाट्या लावणे, रजिस्टर भरणे आणि पाहुणे आले की रोप हातात धरून फोटोला उभं राहणे. रजिस्टरसुद्धा लिहिता यायला पाहिजे हे मान्य, पण आठच्या आठ आठवडे?

माझंच सांगतो. मी इंटर्न असताना (बागेचं नाव घेत नाही) एक जाड फांदी कापली, खोडाला अगदी घासून, एकदम प्लेन. तिथले सुपरवायझर खूष, म्हणाले काय सफाई आहे हाताला. मला चांगला रिमार्क मिळाला. चार वर्षांनी सहज तिकडे गेलो तर त्याच जागी खोडाला ढोली पडलेली आणि कडेने बुरशीच्या छत्र्या. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, इंग्रजीत ब्रँच कॉलर म्हणतात, मी ते कडंच कापून टाकलं होतं. अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड तो भाग आतून भिंत घालून कोंडून टाकतं आणि बाजूने नवीन लाकूड वाढवतं. त्या कामात हे कडं फार महत्त्वाचं. म्हणून जड फांदी तीन कापांत काढायची, पहिला खालून, खोडापासून साधारण 30 सेंमीवर, दुसरा वरून थोडा पुढे म्हणजे फांदी साल न सोलवता पडते, आणि उरलेलं खुंट तिसऱ्या कापाने कड्याच्या जरा बाहेर. आता हे पुस्तकातही असतं. पण चुकलं तर काय होतं हे आठ आठवड्यांत कुठून दिसणार? मला तर चांगला रिमार्क मिळालेला!

पाण्याचंही तेच, मातीला वाफसा आलाय की नाही (म्हणजे ओल आहे पण चिखल नाही) हे हातात घेऊन दाबून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते एका दिवसाचं काम नाही, रोज बघावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवस वाढवू नका, तेच 40-45 दिवस वर्षभर वाटून द्या, आठवड्याला एक दिवस, आणि प्रत्येक पोराला बागेचा एक तुकडा नावावर करून द्या. दोन वाफे, पाच-सहा झाडं, थोडं लॉन, बास. तिथे जे मरेल ते त्याचं आणि जे फुलेल तेही त्याचंच. लंडनच्या क्यू गार्डन्समधे डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना स्वतःचा भाजीचा तुकडा सांभाळायला द्यायची जुनी पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे 1990 च्या दशकात 843 एकरांचे 49 भाग पाडून एकेका माळ्याकडे एकेक भाग दिला, कचऱ्यापासून झाडापर्यंत सगळ्याला जबाबदार तोच. त्याआधी माळ्यांच्या टोळ्या फिरत्या असायच्या त्यामुळे कुठलीच जागा कुणाची नसायची. आपल्या इंटर्नचं आज अगदी तेच होतंय.

आणि शिकवायला ऑफिसातला माणूस नको, जुना माळी द्या. डोळा भरताना, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवताना, सालीला टी आकाराची चीर किती खोल द्यायची हे तो बोलून सांगणार नाही पण त्याच्या हाताकडे दहा वेळा बघितलं की येतं. त्याला या कामाचे वेगळे पैसे आणि वेळही द्या, नाहीतर तो म्हणणार ही पोरं माझ्या डोक्याला ताप, आणि त्याचं चुकत नाही. स्टायपेंडचं तर बोलायलाच नको, जाण्यायेण्याचा खर्च तरी निघावा. ब्रश कटर हातात देण्याआधी गॉगल आणि बूट द्या, चेन सॉ अजिबात देऊ नका.

कॉलेजवाले म्हणतील आठवड्याला एक दिवस लेक्चरमधून कसा काढायचा. अहो, काढा. प्रॅक्टिकलचे तास आहेतच, ते तिकडे वळवा.

त्या मुलीची 30 रोपं होती, त्यातली 9 गेली. उपटून बघितलं तर खड्डे खोल झालेले, खोडाची मान मातीत गाडली गेलेली आणि तिथेच कुजलेली. लावताना मी शेजारी उभा होतो, फोटोच्या गडबडीत होतो, माझ्या लक्षात आलं नाही. आज फोटो काढून तिला पाठवलेत, खाली हेही लिहिलंय.

आपला,
एक उद्यान सुपरवायझर