जंप स्टार्टर कसा निवडावा हे शिकवणाऱ्या अण्णांना आभाराचे पत्र

लष्कर, ग्वाल्हेर

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

मोटारीसाठी जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारा हातात मावणारा वीजसाठा, घ्यायचे ठरले तेव्हा आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की हिवाळा लागला म्हणजे इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारते, आणि आपण मला दिलेले उत्तर त्यांच्याही उपयोगी पडण्यासारखे आहे. आपण कोणत्याही कंपनीचे नाव सांगितले नाहीत. मला खरे तर नावच हवे होते. पण आपण माझ्या गाडीचे इंजिन, तिची बॅटरी आणि ग्वाल्हेरची हवा यांच्याविषयी एकेक प्रश्न विचारत गेलात आणि त्यातूनच निवड होत गेली.

त्यातला पहिला प्रश्न जंप स्टार्टरचा नव्हताच. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला आपण सकाळी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याचे यंत्र, लावलात आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ मला समजावून दिलात: बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली, सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी थकलेली असण्याचा संशय घ्यावा, आणि इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसले म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारे जनित्र, आपले काम करीत आहे. माझ्या गाडीचा अल्टरनेटर ठीक निघाला. बॅटरीचे मात्र वय झाले होते. ती आधी बदलून घ्या आणि जंप स्टार्टर अडीअडचणीसाठी ठेवा, मेलेल्या बॅटरीला रोज उठवण्यासाठी नव्हे, हे आपण ठामपणे सांगितलेत. विकणारा माणूस असे सांगत नाही.

आपल्या गावात बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळते हिवाळ्यात, असे आपण म्हणाला होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्या उष्णतेत बॅटरीच्या आतल्या पट्ट्या झिजतात. तरीही ऊबदार हवेत ती कशीबशी काम देत राहते. जानेवारीच्या धुक्यात पारा चार-पाच अंशांवर उतरला की तिची ताकद बरीच घटते, आणि त्याच वेळी इंजिनातील ऑईल घट्ट झाल्यामुळे सेल्फला अधिक जोर लावावा लागतो. माझी गाडी ऑटोमॅटिक असल्याने चार माणसे जमवून धक्का मारण्याचा जुना उपायही चालत नाही, कारण इंजिन बंद असताना तिची चाके आणि इंजिन यांच्यातली जोडणीच होत नाही. पहाटे मुरारला निघणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे माहीत असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

मात्र आपले सर्वांत मोठे ऋण आहे ते खोक्यावरच्या आकड्यांबाबत. एका दुकानात मला तीन हजार अँपिअर असे ठळक छापलेला नग दाखवून, याहून मोठा बाजारात नाही, असे सांगण्यात आले होते. तो आकडा ‘पीक’चा, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा असतो आणि तो मोजण्याची एकच रीत सगळे पाळत नाहीत, हे आपण दाखवून दिलेत. याउलट मोटारीच्या बॅटरीवर छापलेल्या सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याच्या ताकदीच्या, आकड्याला ठरलेली कसोटी आहे: उणे १८ अंश सेल्सिअसला सलग ३० सेकंद तेवढा प्रवाह द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचे नाही. म्हणून जंप स्टार्टर घेताना पीक आकडा बाजूला ठेवून, काही सेकंद टिकणारा ‘स्टार्टिंग करंट’ किती आहे ते पाहावे, आणि तो कुठेच लिहिलेला नसेल तर नग खाली ठेवावा, असा आपला सल्ला होता. लहान पेट्रोल इंजिनाला सेल्फ फिरवण्यासाठी साधारण शंभर ते दोनशे अँपिअर लागतात; मोठ्या डिझेलला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक.

एमएएच, म्हणजे साठवण दाखवणारा मिलिअँपिअर-अवरचा आकडा, त्याचेही तसेच. वीस हजार एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने लिहिलेले असतात, त्यामुळे त्याची खरी साठवण ७४ वॅट-अवर भरते. बारा हजारवाल्याची ४४. मग आपण कागदावर हिशेब मांडलात: दीडशे अँपिअर, दहा व्होल्ट, तीन सेकंद, म्हणजे एकदा गाडी सुरू करायला लागतात जेमतेम सव्वा वॅट-अवर! तो हिशेब पाहून मी थक्क झाले होते. टाकी किती मोठी आहे यापेक्षा तिचा नळ किती रुंद आहे, हे इथे महत्त्वाचे, असे आपण म्हणालात तेव्हा सगळा विषय उलगडला. मोबाईल पुन्हा पुन्हा चार्ज करायचे असतील तर मोठी टाकी घ्यावी. गाडीसाठी जाड तांब्याच्या तारा, घट्ट पकडणारे चिमटे आणि लगेच प्रवाह देऊ शकणारे सेल हवेत. टायरमध्ये हवा भरण्याचा पंप त्याच डब्यात बसवलेला असतो, त्याविषयी आपण फक्त हसलात. तेही मला पुरेसे होते.

चिमट्यांवरच्या छोट्या डबीत उलटी जोडणी, शॉर्ट सर्किट, अतिउष्णता आणि इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटरचा प्रवाह उलट आत येणे, या चारही गोष्टींपासून संरक्षण आहे की नाही, हे आपण पुस्तिकेत शोधायला लावलेत. बॅटरी अगदीच शून्याला टेकली असेल तर ती डबी तिला ओळखत नाही आणि मग ‘बूस्ट’ बटण दाबावे लागते. त्या वेळी उलट्या जोडणीपासूनचे संरक्षण बहुतेक नगांत बंद होते, म्हणून ते दाबण्यापूर्वी लाल-काळे दोनदा तपासावे, ही सूचना मला फार मोलाची वाटते.

शेवटी प्रश्न उरला तो उन्हाळ्याचा. बंद गाडीच्या आतली हवा मे महिन्यात ६० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि लिथियमचे सेल त्या तापात ठेवणे धोक्याचे. म्हणून मी साधा लिथियमचा, मध्यम ताकदीचा नग घेतला आहे आणि तो गाडीतून उतरताना पर्ससोबत घरात येतो. माझ्या दिरांची डिझेल गाडी मात्र शिवपुरीच्या रस्त्यावरील शेतावर उन्हातच उभी असते. त्यांना आपण सुपरकपॅसिटरचा, म्हणजे लिथियम सेलऐवजी वीज झटकन घेणाऱ्या-देणाऱ्या कपॅसिटरवर चालणाऱ्या जंप स्टार्टरचा, पर्याय सुचवलात. त्यात साठवण जवळपास नसतेच. उतरलेल्या बॅटरीत जी थोडी वीज शिल्लक असते ती काही मिनिटांत ओढून घेऊन तो एका झटक्यात परत देतो, आणि उष्णता बरीच सहन करतो. बॅटरीत काहीच उरले नसेल तर त्याला आधी दुसरीकडून चार्ज करावे लागते, ही अडचणही आपण लपवली नाहीत. दीर अजून विचारच करीत आहेत.

आपण स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद मी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे: आधी लाल चिमटा धन टर्मिनलला, मग काळा बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी नको, सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे, गाडी सुरू होताच चिमटे काढावेत, आणि वापर झाला नाही तरी दर तीन महिन्यांनी नग चार्ज करावा. आपली परवानगी असेल तर त्याच्या प्रती मंडळातील गाडी चालवणाऱ्या सगळ्या बायकांना द्याव्यात असे मनात आहे. आपला मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी तो परत करायला येईन, तेव्हा दिरांनाही सोबत आणते.

आपण दिलेल्या वेळाबद्दल आणि शिकवणीबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

आपली नम्र,
आपल्या गल्लीतील एक मोटारचालक