पहिला मान क्लेमन्स यांचाच

'लिव्हरपूलचा सर्वश्रेष्ठ गोलरक्षक कोण?' हा क्रीडा पानावरील लेख वाचला. या इंग्लिश फुटबॉल क्लबसाठी अ‍ॅलिसन बेकर यांना पहिला क्रमांक देताना सत्तरच्या दशकातील गोलरक्षक रे क्लेमन्स यांची दोन ओळींत केलेली बोळवण पटली नाही. 'तेव्हा सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येई, म्हणून काम सोपे होते,' असे लेखक म्हणतात. हा नियम १९९२ मध्ये बदलला, हे खरे. पण ती मुभा त्या काळात सर्वच संघांना होती. तरीही १९७८-७९ च्या हंगामात लीगच्या ४२ सामन्यांत अवघे १६ गोल स्वीकारले ते लिव्हरपूलनेच, आणि त्या प्रत्येक सामन्यात गोलपोस्टमध्ये क्लेमन्सच उभे होते.

मोक्याच्या क्षणांचाही विचार व्हायला हवा. १९७३ च्या यूईएफए कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीतील, अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावरच्या पहिल्या लढतीत लिव्हरपूलने जर्मनीच्या बोरुसिया मुन्शनग्लाडबाखला ३-० असे हरवले. त्याच लढतीत क्लेमन्स यांनी प्रतिस्पर्धी संघाच्या युप हाइन्केस यांची पेनल्टी अडवली. परतीचा सामना लिव्हरपूलने ०-२ असा गमावला, म्हणजे दोन्ही सामन्यांचे गोल मिळून करंडक एका गोलाच्या फरकाने हाती आला. ती पेनल्टी आत गेली असती तर?

अ‍ॅलिसन यांचे पायाचे कौशल्य अव्वल दर्जाचे आहे आणि २०१९ च्या चॅम्पियन्स लीग विजेतेपदातील त्यांचा वाटाही मोठा आहे. परंतु १९७७, १९७८ आणि १९८१ असे तीन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचे तेव्हाचे नाव) जिंकणाऱ्या संघाचे गोलरक्षक क्लेमन्सच होते. लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर