निनाद, ती सही तिनं मनानं केली का?

नाशिकरोड,
रविवार, दुपार

प्रिय निनाद यास,
मम्मीचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर मी उपाशी झोपले असं मनात आणू नकोस, जेवले. सकाळी उपासनेलाही जाऊन आले. फोनवर मला बोलणं सुचत नाही. तू "बरं मम्मी, बघतो" म्हणतोस आणि माझं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. म्हणून लिहितेय. कुरिअरनं पाठवते. मोबाइलवर नको, शनिवारी रेचल तुझ्याकडे असते आणि तिला आता सगळं वाचता येतं.

तू दोन गोष्टी सांगितल्यास. तू आणि स्नेहल मिळून घटस्फोटाचा अर्ज करणार, वकील ठरला, कागद तयार आहेत, तिची सही झाली. ही एक. दुसरी, चर्चच्या पाळकसाहेबांना हळूच विचारून ठेव, पुढेमागे दुसरं लग्न आपल्या देवळात लागेल का. पहिली सांगताना तू थांबत थांबत बोललास, दुसरी मात्र एका दमात.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलेय. पप्पा असते तर त्यांनी एका पोस्टकार्डात संपवलं असतं. मला एवढंच विचारायचंय: ती सही स्नेहलनं मनानं केली का?

म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या राजीखुशीचा म्हटल्यावर मनानंच केली ना, असं तू म्हणशील. अरे, मी जन्मभर वॉर्डात संमतीपत्रावर सह्या घेतल्यात. नवरा नाहीतर दीर पेन हातात देतो, "इथं कर" म्हणतो, बाई करते. कागदाच्या दृष्टीनं झाली संमती. आणि ट्रॉलीवर घेतल्यावर तीच बाई माझा हात धरून विचारते, सिस्टर, माझं काय काढणार आहेत? स्नेहलला माहीत आहे का काय काढणार आहेत ते?

तुझ्या वकिलानं सांगितलं असेलच, अर्ज करायचा तर दोघं वेगळे राहत असल्याचं दाखवावं लागतं, कायद्यात दोन वर्षं लिहिलीत. स्नेहल संगमनेरला गेली ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. तिची पातेली, तिचं शिलाईमशीन, सगळं तुझ्याकडे पुण्यातच होतं. मग ते जाणं "वेगळं राहणं" कधीपासून झालं? आणि तारीख कुणी घातली, तू की तिनं? अर्जानंतर पुन्हा किमान सहा महिने थांबायचं, मग परत दोघांनी कोर्टात उभं राहायचं. ते महिने कायद्यानं उगाच नाही ठेवले. कायदासुद्धा दोनदा विचारतो, निनाद. तू एकदा तरी विचारलंस का?

घटस्फोट म्हणजे पापच, असं म्हणणारी मी नाही, हे तुला माहीत आहे. ज्या घरात कुसुममावशी होती त्या घरात वाढलेली बाई तसं म्हणूच शकत नाही. तुला ती आठवते ती खोकणारी, शरणपूरच्या मागच्या खोलीत बसून नानांचे चष्मे पुसणारी. ती मनमाडहून आली तेव्हा मी शाळेत होते. तिचा डावा कान कायमचा गेला होता. नानांनी तिला घरात घेतलं, पण तिची सुटका नाही करू शकले. आपला ख्रिस्ती लोकांचा कायदा 1869 चा. त्यात राजीखुशीची फारकत हा प्रकारच 2001 पर्यंत नव्हता. नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याचं काम झालं. बायकोनं मात्र व्यभिचार सिद्ध करायचा आणि त्याच्या जोडीला छळ, नाहीतर दोन वर्षं टाकून दिल्याचंही दाखवायचं. नुसता कान फुटून भागत नव्हतं. 1997 मध्ये मुंबई हायकोर्टानं तो भेद मोडला, मग संसदेनं कायदा बदलला. तोवर मावशीला मातीखाली जाऊन किती वर्षं झाली होती! तिच्या दगडावर त्याचंच आडनाव आहे.

आणि मंडळीतले वडीलधारे येऊन तिला काय वाचून दाखवायचे? पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय सात, बायकोनं नवऱ्यापासून वेगळं होऊ नये. त्याच्या पुढचीच ओळ, झालीच वेगळी तर लग्न न करता राहावं किंवा समेट करावा, तीही वाचायचे. पंधराव्या ओळीपर्यंत कोणी जायचंच नाही. तिथं पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून जात असेल तर जाऊ दे, अशा वेळी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही, देवानं आपल्याला शांतीसाठी बोलावलंय. आता म्हणशील, मावशीचा नवरा तर बाप्तिस्मा झालेला. होता. तरी जो बायकोचा कान फोडतो तो विश्वास ठेवणारा कसा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचंही तसंच. देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे, एवढंच सगळ्यांना पाठ. त्याच वचनात, त्याच श्वासात, जुलमाचाही तिटकारा आहे. तो कोणी पाठ करत नाही.

आणि येशूला विहिरीवर भेटलेली ती शोमरोनी बाई. पाच नवरे झालेली. पाचांनी टाकली की पाच मेले, शास्त्र सांगत नाही. पण उपदेशात दरवेळी चवचाल तीच.

बघ, कुठून कुठे गेले. मावशीचं नाव निघालं की माझं असंच होतं.

तुझ्या प्रश्नाचं सांगते. पाळकसाहेबांना मी तुझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "कोणासाठी, सिस्टर?" मी म्हटलं, ओळखीतलं आहे. त्यांना कळलं असणार. पण त्यांनी खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं. मार्क आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत सवलत नाहीच: बायको टाकून दुसरी केली तर तो व्यभिचार. मार्कात हेच बायकोलाही लावलंय. मत्तयात दोन ठिकाणी "व्यभिचाराच्या कारणाशिवाय" असे शब्द आहेत, आणि तेवढ्या शब्दांवर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिकांच्यात झालेलं लग्न मोडत नाही. ते लग्न मुळात लागलं होतं का, हे त्यांचं न्यायमंडळ तपासतं. पण त्या निर्णयानं सरकारी लग्न सुटत नाही, त्यासाठी कोर्टाचा कागद वेगळा लागतोच. आपल्याकडे बिशपसाहेबांना विचारावं लागेल, आणि ते पहिल्या लग्नाचं काय झालं हे आधी विचारतील. "कागद झाला का, हे नाही विचारत आम्ही, सिस्टर. काय झालं ते विचारतो."

मग घरी येऊन मी मत्तयाचा एकोणिसावा अध्याय काढला. "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." तुमच्या लग्नात हे वाचलं तेव्हा स्नेहलची करवली शिंकली होती आणि तू हसला होतास. ह्या वाक्याच्या आधी परूशांचा, म्हणजे यहूद्यांतल्या एका कडक धर्मपंथाच्या लोकांचा, प्रश्न आहे, कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे का? त्या काळी त्यांच्या गुरूंमध्ये ह्यावरून दोन पक्ष होते. शम्मायच्या पक्षाचे म्हणायचे, लाजिरवाणी गोष्ट घडली असेल तरच. हिल्लेलच्या पक्षाचे म्हणायचे, तिनं जेवण करपवलं तरी पुरे. पुढे अकीबा म्हणून एक मोठा गुरू झाला, तो म्हणाला, तिच्याहून देखणी दुसरी दिसली तरी चालेल.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

प्रश्न विचारणारे सगळे पुरुष होते, टाकायचा अधिकारही त्यांच्याच हातात होता. येशू त्यांना म्हणतो, मोशेनं तुम्हाला मोकळीक दिली ती तुमची मनं कठीण म्हणून, आरंभापासून असं नव्हतं. हे ऐकून शिष्य काय म्हणाले माहीत आहे? असं असेल तर लग्न न केलेलंच बरं! मला दरवेळी हसू येतं. पण त्या बोलण्यानं सगळ्यांत आधी कोणाचं रक्षण झालं असेल? जिला उद्या सकाळी दारात उभं करून कागद हातात देणार होते, तिचं. हे माझं मत आहे, पाळकसाहेबांचं नाही. कुसुममावशीवर जे वचन दगडासारखं ठेवलं ते मुळात तिच्या बाजूचं होतं. म्हणूनच मी ते तुला दाखवतेय, आणि म्हणूनच स्नेहलच्या सहीचं पुन्हा पुन्हा विचारतेय.

झाला ना उपदेश! माफ कर. तुला वाईट ठरवायला बसलेली नाही मी. पप्पांना अॅटॅक आला त्या रात्री तू पुण्याहून मोटारसायकलवर पावसात आलास, सिन्नरच्या पुढं डोळ्यांना रस्ता दिसत नव्हता म्हणालास. आयसीयूबाहेर तू माझे पाय चेपत बसला होतास. प्रेसमधले पप्पांचे मित्र अजून विचारतात, तुमचा तो गाणारा मुलगा काय करतो? मी छाती पुढे काढून सांगते. असा मुलगा असं करणार नाही, हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच कळत नाही.

नाना त्या कवी रेव्हरंड टिळकांचं सांगायचे ते आठवतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच, जलालपूरच्या, आणि 1936 मध्ये गेल्याही इथंच, नाशिकात. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची ताटातूट झाली. 1866 चा कायदा होता तेव्हा. धर्म बदलला म्हणून जोडीदार नांदत नसेल तर कोर्टात जाऊन लग्न सोडवून घेता येत होतं, दुसरं करता येत होतं. पौलाच्या पंधराव्या वचनाचाही आधार होता. रागीट माणूस, पण त्यांनी ते दार उघडलं नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन परत आल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. नाना गोष्ट इथं थांबवायचे, आणि कुसुममावशी उठून आत जायची. थांबून राहणं सगळ्यांनाच फळतं असं नाही, हे त्या घरात मावशीइतकं कोणाला माहीत होतं? म्हणून "थांब" असं मी तुला सरसकट सांगत नाही. तिनं तुला छळलं असेल, फसवलं असेल, तर सांग. माझी सून म्हणून मी तिची बाजू घेणार नाही. पण तू म्हणालास, "तसं काही नाही मम्मी, आमचं जमत नाही." आणि नंतर मेघनाचं नाव आलं. ऑफिसच्या गप्पांत आलं, कारच्या गप्पांत आलं, रेचलच्या वाढदिवसाच्या केकमध्येही आलं. मेघना चांगलीच असेल. मला तिच्याबद्दल काही विचारायचं नाही.

मला स्नेहलबद्दल विचारायचंय. ती मला दर रविवारी फोन करायची, उपदेश कशावर होता विचारायची. मागचे काही रविवार फोन नाही. मीही केला नाही, तुझ्या आधी तिच्याशी बोलणं बरं नव्हे म्हणून. आता तू सांगितलंस, तेव्हा ते बंधन सुटलं.

गुरुवारी सकाळच्या पुण्याच्या एसटीनं मी संगमनेरला उतरणार आहे. तुझी वकिली करायला जात नाही आणि तिची समजूत घालायलाही नाही. तिच्या आईसमोर नाही, रेचल शाळेत असताना तिला एकटीला विचारीन. ती म्हणाली की मलाही हेच हवंय, तर तुझ्या बाजूनं मी पाळकसाहेबांकडे जाईन, लागलं तर बिशपसाहेबांकडेही, आणि ते जे म्हणतील ते तुझ्याबरोबर ऐकून घेईन. ती तसं म्हणाली नाही, तर तुझ्या दुसऱ्या लग्नाचा शब्द मी देवळात काढणार नाही. तुझ्या पाठीमागे जाऊन हे करायचं नाही म्हणून आधी कळवतेय. बुधवारपर्यंत फोन कर. अडवायला करणार असशील तरी कर.

तुझी,
मम्मी

ता.क. पप्पांच्या पेन्शनच्या फॉर्मवर तुझी सही हवी आहे, सोबत ठेवलाय. नीट वाचून कर.