त्वचादानाच्या संमतीसाठी ग्रामस्थांना आवाहन

समस्त ग्रामस्थ, कोळीवाड्यातील बंधू-भगिनी आणि मुंबईकर चाकरमानी मंडळींना सप्रेम नमस्कार.

होडीवर स्टोव्हचा भडका उडून किंवा घरात गॅसची गळती होऊन माणूस गंभीर भाजतो, तेव्हा उघड्या जखमांतून पाणी, प्रथिने आणि शरीराची ऊब सतत बाहेर जात राहते व जंतूंना आत शिरायला वाट मिळते. रुग्णाच्याच मांडीची त्वचा काढून जखमेवर लावणे हा कायमचा उपाय. परंतु निम्मे अंग भाजलेल्या रुग्णाकडे काढण्याजोगी त्वचाच पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत दात्याची त्वचा त्याला तारते. ती जखमेवर बसली की वेदना कमी होतात, पाणी झिरपणे आटोक्यात येते आणि खाली नव्या रक्तवाहिन्या फुटून जखम भरण्याच्या मार्गाला लागते. साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर ही परकी त्वचा टाकून देते, पण तोवर रुग्ण सावरतो आणि त्याची स्वतःची त्वचा लावता येते.

ही त्वचा मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढावी लागते. मांड्या, पोटऱ्या व पाठीवरून केवळ वरचा पातळ थर घेतात. चेहऱ्याला कोणी हात लावत नाही, रक्तस्राव होत नाही आणि पट्ट्या बांधून पार्थिव सन्मानाने परत देतात. पाऊण तासाचे काम. वय १८ पूर्ण असलेली कोणीही व्यक्ती दाता होऊ शकते. रक्तगट जुळावा लागत नाही, मधुमेह वा रक्तदाबाचीही आडकाठी नाही. एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, त्वचेचा कर्करोग किंवा रक्तातील जंतुसंसर्ग असल्यास मात्र दान घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवलेली त्वचा ५ वर्षांपर्यंत टिकते.

मुंबईची मुले पोहोचेपर्यंत आपण मयत थांबवतोच. तोच वेळ या दानाला पुरेसा आहे, हे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढ्या आहेत. त्यांचे पथक आपल्या किनाऱ्यापर्यंत येण्याची बोलणी करायची, तर हाती संमतिपत्रे हवीत. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर अंतराचीही अडचण नाही. त्यांनी आधी पुढे यावे.

मृत्यूचा दाखला वेळेत मिळाल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही, म्हणून परिसरातील डॉक्टरांनी रात्री-अपरात्री येण्याची तयारी कळवावी, ही विशेष विनंती. पथकाची वाट पाहताना पार्थिव थंड राहावे यासाठी गावाला एक शीतपेटी घ्यायची आहे. तिच्यासाठी यथाशक्ती देणगी द्यावी व पावती अवश्य घ्यावी.

संमतिपत्रे ग्रामपंचायत कार्यालयात मिळतील. घरच्यांशी बोलून, त्यांच्यासमक्षच ती भरावीत, कारण त्या घडीला अखेरची संमती वारसांनाच द्यायची असते.

आपले,
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती