फोनवर बोलू देत नाही म्हणून लिहितेय

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "काय अभद्र बोलतेस" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मला भीती वाटते. तुम्ही दोघं नसाल त्या दिवसाची. रात्री उशिरा मोबाईलवर आईचं नाव दिसलं की उचलायच्या आधीच पोटात गोळा येतो, आणि निघतं काय तर वायफाय बंद पडलंय. मागच्या दिवाळीत बाबा जिन्यात मधेच थांबले आणि मोबाईल बघायचं नाटक केलं, ते मला कळलं होतं बरं का.

खरं तर पंचवटीत वाढलेल्या मुलीला हे इतकं जड जायला नको. शाळेत जाता-येता रामकुंडावर रोज कुणाचे ना कुणाचे आईवडील कलशातून यायचे, मुंडण केलेली माणसं पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेली असायची आणि आम्ही पोरी शेजारून खिदळत जायचो. इतकं रोज बघूनही मरण म्हणजे बाहेरगावचं काहीतरी, एमएच १५ सोडून बाकी पासिंगच्या गाड्यांतून येणारं, असंच वाटायचं. आता माझ्याच गाडीचं पासिंग एमएच १४ आहे.

ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील आयसीयूत होते, डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं तर तिला हो म्हणावं की नाही तेच कळेना, कारण घरात कधी कुणी बोललंच नव्हतं, आणि भाऊ वेगळंच म्हणत होता. ते गेले त्यापेक्षा ती पाच मिनिटं तिला अजून जास्त छळतात. मला ती पाच मिनिटं नकोयत. शेवटच्या आजारपणात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको हे आधी लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिलीये, २०२३ मध्ये प्रोसेस सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं. बाबा, नोट प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला कागदाचं महत्त्व मी काय सांगणार!

आणि आई, तुझं बीपी. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलताना जीभ अडखळली तर "जरा पडते, बरं वाटेल" चालणार नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून आधी १०८, मग मला फोन. मी पोचेपर्यंतच पाच-सहा तास जातात.

हे सगळं करूनही भीती जाणार नाही, माहितीये. पण हातात काम असलं की रात्री झोप तरी लागते. आणि एक विचारायचंय बाबा, आजी गेली तेव्हा तुम्ही तेरावं उरकून सरळ ड्युटीवर गेलात, आम्हाला वाटलं तुम्हाला काही झालंच नाही. कसं निभावलंत? कधी रडलात का? मला ऐकायचंय, उपदेश नको, नुसतं काय झालं ते सांगा.

शनिवारी येतेय. चाकणचं ट्रॅफिक बघता दुपार होईल, जेवायला थांबू नका. नोटरीचं मी बघते, साक्षीदार कोण ते तुम्ही ठरवा, फक्त खालच्या मजल्यावरचे काका नकोत, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत करतील.

तुमची,
ताई