लातूरच्या डाळीवर लातूरचं नाव कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत जन्मलेल्या ब्रँडवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख दुकानात गल्ल्यावर बसूनच वाचून काढला. लेखात आलेल्या बहुतेक वस्तू माझ्या पाठीमागच्या फळीवर मांडलेल्याच आहेत. लेख आवडला. मात्र मराठवाड्यातल्या किराणा दुकानदाराच्या मनात तो वाचून जे आलं, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावंसं वाटतं.

आज एवढी मोठी असलेली ही नावं निघाली फार लहान जागेतून. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागेत कुलपं करायला सुरुवात केली. गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाई केली, तिचंच पुढे कॅम्लिन झालं. १९४२ मध्ये चार मित्रांनी तिथेच एका गॅरेजात रंग बनवायला घेतले, ते एशियन पेंट्स. केशव पेंढरकरांचं विको १९५२ चं. त्यांच्या मुलांनी दंतमंजन दारोदार फिरून विकलं. विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाचा पार्ले कारखाना १९२९ मध्ये निघाला, तो आधी गोळ्या-चॉकलेटांचा. बिस्किटं त्यानंतर दहा वर्षांनी आली. तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पण आमच्या तांड्यावरचं पोर आजही दुकानाच्या पायरीवर उभं राहून 'एक पारले द्या' म्हणतं. मुंबई न पाहिलेल्या त्या पोराच्या तोंडी मुंबईच्या एका उपनगराचं नाव आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

लेखात एक गोष्ट राहून गेली. या मंडळींची हिंमत मोठीच होती, पण त्यांच्या उशाशी बंदर होतं, रेल्वे होती, लेबलं छापायला छापखाने होते, जाहिरातीला वर्तमानपत्रं होती. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. सिक्का वेगळा, म्हणजे निजामाचं हाली नाणं. सरहद्दीवर माल अडवून करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तरी रुळांची अडचण संपली नाही. मनमाडच्या पुढे मीटरगेज, म्हणजे अरुंद रूळ, म्हणून औरंगाबाद-जालन्याचा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. लातूरला तर बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी; तिचा माल कुर्डुवाडीला बदलायचा. मनमाडचा रूळ नव्वदच्या दशकात रुंद झाला, लातूरचा त्याच्याही नंतर. पोतं दोनदा चढवायचं-उतरवायचं तर हमाली दुप्पट, फूटतूट वेगळी. अशा वाटेने बरणी-बाटलीतला माल मुंबईला नेऊन कोण विकणार?

तरीही इथल्या माणसांनी नावं केली. महाराष्ट्रभर स्वयंपाकघरात गेलेला निर्लेपचा तवा औरंगाबादचा. भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये तो उद्योग उभा केला. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. त्यांना १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. इथल्या शाळकरी मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? त्यांच्या वह्या-पुस्तकांतून हे कुणी सांगत नाही, आणि आपल्यासारख्या दैनिकांतूनही ते क्वचितच येतं.

आता मूळ विषयावर येतो. लातूरची तूरडाळ देशभरातल्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. फटका, सवा नंबर हे डाळीच्या प्रतींचे शब्द इथल्या आडतीवरचा हमालही बोलतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेलं बीडीएन-७११ हे तुरीचं वाण आमच्या शेतकऱ्यांनी आपलंसं केलं आहे. तूर चाळायची, रोलरवर घासायची, तेल लावायचं, पाणी मारायचं, उन्हात वाळवायची आणि मग भरडायची, एवढं सगळं इथल्या मिलमध्ये होतं. त्यानंतर ही डाळ पोत्यात भरून बाहेर जाते. तशीच डाळ मला कंपनीचा एजंट अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटात आणून विकतो. पाकिटावर मोठं नाव कंपनीचं, मागे बारीक अक्षरात पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता. तो पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तूर कोणत्या शिवारात पिकली, हे छापायला कायदा सांगत नाही. म्हणून लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेपासून तासा-दोन तासांवरच्या गावात गिऱ्हाईक दुसऱ्याच शहराच्या नावाची डाळ भरवशाची म्हणून मागतं, आणि मी ती देतो. मला याचं वाईट वाटतं.

गिऱ्हाईकाला दोष देता येत नाही. त्याला दर महिन्याला तीच चव, तेच शिजणं, तेवढंच वजन हवं असतं. पार्लेने, बेडेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सांभाळलं. सुटी डाळ एका पोत्यात सुरेख निघते, दुसऱ्यात खडे. हे आम्हा व्यापाऱ्यांचं आणि मिलवाल्यांचं काम आहे, ते सरकारवर ढकलून चालणार नाही.

सरकारी कागद तर झालाही आहे. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला, कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागाचा असल्याची सरकारी नोंद, मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा यांना मिळालं होतं. बातम्या आल्या, पेढे वाटले गेले. पण मानांकन मिळालं म्हणून पाकिटावर ते आपोआप उमटत नाही. पिकवणाऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते, आणि मानांकनाचं दर दहा वर्षांनी नूतनीकरणही करावं लागतं. बोरसुरी डाळ म्हणून छापलेलं, मानांकनाचं चिन्ह असलेलं पाकीट माझ्याकडे अजून एकाही एजंटाने आणलेलं नाही. आलं तर पुढच्या फळीवर, बिस्किटांच्या शेजारी मांडीन. त्यावर चार पैसे कमी सुटले तरी चालतील.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. मुंबईच्या ब्रँडना पुरवणीची दोन पानं दिलीत, आता मराठवाडा आवृत्तीत दर आठवड्याला एक स्तंभ इथल्या मालाला द्या. वसमतची हळद, भूमचा खवा, पैठणचे विणकर, जालन्याचं बियाणं, लातूरची डाळ. कुणी केलं, कसं केलं, कुठे अडलं, हे नाव-गावासकट छापा. मानांकनाची नोंदणी कुठे आणि कशी करायची, कोणते कागद लागतात, हेही त्यात द्या. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना तेवढी माहिती मिळाली तरी पुष्कळ आहे. आणि लातूर-उदगीरच्या मिलवाल्यांना आपल्या पत्रातून विनंती करतो: यंदाची तूर बाजारात आली की किलोची पाकिटं स्वतः भरा, वर गावाचं नाव ठळक छापा. विकायची जबाबदारी आम्ही दुकानदार घेतो.

आपला विश्वासू,
एक किराणा दुकानदार
उदगीर, जि. लातूर