आरोग्यमंत्री साहेब, माझा केसपेपर सासरी कसा पोचला?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

सप्रेम नमस्कार साहेब.

परवा मला कोर्टाची नोटीस आली. नवऱ्याला घटस्फोट पाहिजे आणि लेकराचा ताबा पण पाहिजे, कारण काय तर बायको मनोरुग्ण आहे. जोडलेल्या कागदांत माझा केसपेपर आहे, सरकारी दवाखान्यात भरती होते तेव्हाचा, डॉक्टरांच्या अक्षरासकट झेरॉक्स. तो पेपर दवाखान्यातच राहतो, मला फक्त डिस्चार्ज कार्ड मिळालं होतं. मी मागितला नाही, आईनं मागितला नाही. मग तो सासरी कुणी नेऊन दिला? आधी याचं उत्तर द्या.

माझं थोडक्यात सांगते. पहिलं बाळंतपण, लेकरू ठणठणीत, सगळे खुश. आठवड्याभरात माझी झोप उडाली, मग कुणीतरी बाळाला न्यायला आलंय असं कानात ऐकू यायला लागलं, मी दाराला कडी लावून बाळाला पोटाशी धरून बसायचे आणि कुणी जवळ आलं की ओरडायचे. सासू म्हणाली बाहेरचं लागलंय. एका जाणत्याकडं नेलं, त्यानं केस धरून मिरच्यांची धुरी दिली, दुधानं माझा ब्लाऊज भिजलेला आणि समोर गावातली माणसं बसलेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी भावानं भांडून दवाखान्यात भरती केलं, औषधं सुरू झाली आणि मी बरी झाले. अगदी बरी झाले साहेब. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना हा आजार होतो, त्याला उपचार आहे, बहुतेक जणी बऱ्या होतात. आमच्या आशाताई सहा वेळा येऊन गेल्या, बाळाचं वजन केलं, नाळ बघितली, कावीळ बघितली, पण तुला झोप लागते का गं एवढं मला कुणी विचारलं नाही. त्यांना दोष देत नाही, शिकवलं असेल तेवढंच त्या विचारणार.

आता मी माहेरी आहे. माझ्या गोळ्या आई शेंगदाण्याच्या डब्यात तळाला ठेवते, स्ट्रिपवरचं नाव खिळ्यानं खरवडून काढते, कारण धाकट्या बहिणीचं बघायचं चालू आहे आणि पाहुणे घरात आले की त्यांची नजर कुठं कुठं जाते ते आईला माहीत आहे. बीपीच्या गोळ्या मात्र फ्रीजवर उघड्या असतेत.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी मोबाईलवर स्वतःच वाचून काढला. कलम 23 म्हणतं पेशंटची माहिती गुप्त ठेवायची. कलम 108 म्हणतं कायदा मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड. कलम 21 तर म्हणतं की बाई मनोरुग्णालयात भरती असली तरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. आणि मी घरात बसून भाकरी करतेय, तर माझं लेकरू मागायला सासरचे कोर्टात गेले! सुप्रीम कोर्टानं 1988 सालीच सांगितलंय की नुसतं आजाराचं नाव लावून घटस्फोट होत नाही, आजार किती गंभीर आहे ते सिद्ध करावं लागतं. हे सगळं आहे, पण मला हे ना दवाखान्यात कुणी सांगितलं, ना पोलीस ठाण्यात. कलम 30 प्रमाणे हा कायदा लोकांना सांगायचं आणि या आजाराबद्दलची लाज कमी करायचं काम सरकारचं आहे. म्हणजे तुमचं आहे.

तुम्ही काय करता? 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची रॅली निघते, नर्सिंगच्या पोरी उन्हात उभ्या, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर खाली कोपऱ्यात एवढासा. फोटो झाले की मंडप उठला. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे पुढारी स्टेजवरून समोरच्याला येरवड्याला पाठवा नाहीतर ठाण्याला पाठवा म्हणतेत, लोक हसतेत. त्या हसणाऱ्यांत माझे सासरे पण असतेत. मग गावातल्या अडाणी माणसांनाच कशाला नावं ठेवायची?

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं, त्यातलं एकही आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत नाही. जालन्याला 365 खाटांचं मंजूर झाल्याचं वाचलं, व्हायलाच पाहिजे, पण नुसत्या भिंतींनी काय होणार? 2023 मध्ये मराठवाड्यात 1088 शेतकऱ्यांनी जीव दिला, एकट्या बीडमध्ये 269. अशा खचलेल्या शेतकऱ्यांना समुपदेशन आणि उपचार द्यायला 2015 पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, 14 जिल्ह्यांत, त्यात आमचे आठही आले. मी विचारते, जिथून माझा कागद बाहेर गेला तिथं कुठला शेतकरी आपलं नाव लिहायला येईल? त्याच्या घरात पण लग्नाची पोरगी असते. तो माणूस सगळ्यांपासून लपवून लपवून एक दिवस फवारणीच्या औषधाचा डबा तोंडाला लावतो आणि तुम्ही मग मदतीचा चेक घेऊन पोचता.

त्याच सासरच्या घरात दीर रोज पिऊन बायकोला मारतो. त्याला कुणी नोटीस पाठवली नाही, जाणत्याकडं नेलं नाही, त्याच्यापासून लेकरं तोडा असं कुणी म्हणालं नाही. मी एकदा आजारी पडले, बरी पण झाले, तरी जन्मभर येडी. पोलीस म्हणतेत घरगुती मामला आहे, दवाखाना म्हणतो अर्ज करा, अर्ज घ्यायला गेलं की साहेब मीटिंगला. तुम्ही बहीण म्हणता, महिन्याला 1500 देता, ते मी घेते, नाकारत नाही, पण बहिणीचा कागद तुमच्याच खात्यातून चोरून विकला गेला असेल तर भाऊ म्हणून तुम्ही काय करणार ते पण सांगा ना.

इंग्लंडमध्ये 2007 ते 2021 'टाइम टू चेंज' नावाची मोहीम चालली, त्यात आजारातून गेलेली माणसंच शाळांत, ऑफिसांत जाऊन बोलायची. आमच्याकडं ते का होत नाही? आशांच्या ट्रेनिंगला मला बोलवा, ग्रामसभेत बोलवा, कोर्टाचं संपलं की नावानिशी येते.

माझा केसपेपर कुणी काढून दिला त्याची चौकशी करा आणि त्याच्यावर कलम 108 लावा. मानसोपचाराचं रजिस्टर काउंटरवर उघडं ठेवणं आजपासून बंद करा. बाळंतिणीला झोपेचं आणि मनाचं विचारायला आशांना शिकवा, त्याचे वेगळे पैसे पण द्या. गोळ्या तालुक्याला मिळू द्या. आणि स्टेजवरून आमची टिंगल होते ती तुमच्या पक्षापासून बंद करा.

उत्तर लेखी पाहिजे, जावक नंबर टाकून. मला ते कोर्टात लावायचंय.

आपली,
मराठवाड्यातली एक आई
(केस चालू आहे म्हणून नाव लिहिलेलं नाही)